शेंदराचा मान

सोनबर्डीच्या आईला उघडं पाहायचं नाही, हा नियम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नाही. पण तो मोडायची छाती आजवर कोणाची झाली नव्हती. कारंज्याहून एसटीनं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि बर्डी चढायची. वर काळ्या दगडाचं जुनं देऊळ आणि गाभाऱ्यात आई. आई म्हणजे नाकीडोळी कोरलेली मूर्ती नव्हे. बसलेल्या लेकराएवढा एक तांदळा, म्हणजे अनघड दगड, बारा महिने शेंदरात आणि वस्त्रांत. लदेणीच्या काळात मिठाच्या गोण्या बैलांवर लादून हिंडणाऱ्या तांड्यानं तिला दूरवरून आणलं. या बर्डीवर बैल जो बसला तो काही केल्या उठेना, तेव्हा आईला जागा आवडली हे तांड्यानं ओळखलं. देऊळ पुढं कोण्या धनवंतानं बांधलं, कारभार गावानं घेतला, आणि तांड्याकडं उरला तो शेंदूर.

हा मान काही साधासुधा नव्हता. चैत्र नवमीच्या आदल्या दिवशी आईची वस्त्रं उतरवायची, जुना शेंदूर तेलानं पुसून काढायचा आणि नवा लावायचा. हे काम तांड्याच्या नायकाच्या घरच्या थोरल्या सुनेचं, आणि तिनंही ते डोळे मिटून करायचं. तोवर सभामंडपात अख्खा तांडा आणि अख्खं गाव गाभाऱ्याकडं पाठ करून उभं. आतून ‘सजली आई!’ अशी आरोळी आली की सगळे वळायचे. मग आधी सुनेनं डोकं टेकवायचं, तिच्यामागून तांड्यानं.

गोमतीबाई लग्न होऊन नायकाच्या घरात आली तेव्हा सासूनं तिचा हात धरून तेलात बुडवला आणि आईच्या अंगावर ठेवला. तेव्हापासून केस पिकेपर्यंत तिनं आईला एकदाही उघडं पाहिलं नाही, पण तिच्या तळहाताला आई पाठ होती. माथा जरा एका अंगाला कलता, पाठ खरबरीत, आणि डाव्या कुशीला एक खळगा. लाडू वळताना अंगठा रुतावा तसा तिचा अंगठा त्यात रुतायचा. बाकीचे लोक आईला नवस बोलायचे. गोमतीबाई तिच्याशी नुसतीच बोलायची. पोरगा बादल तापानं फणफणला ते, ऊसतोडीच्या फडावर साप निघाला ते, नवरा भाऊसिंग नायकीच्या तोऱ्यात घरच्यांना विसरतो ते. कोल्हापूरकडं तोडीला गेलेली असली तरी नवमीला ती परत येणार म्हणजे येणार. मुकादमानं डोळे वटारले तर म्हणायची, ‘तुह्या कारखान्याले दुसरी भेटन, माह्या आईले नाई भेटत.’

अशा बाईला फसवायचं म्हणजे केवढं धाडस लागत असेल! पण घरच्यांना ते फार जड गेलं नाही. घरच्यांना कधीच जात नाही.

झालं असं की देवळाचा जीर्णोद्धार निघाला. संस्थानचा अध्यक्ष हरीओम, बोलायला गोड आणि कामाला पक्का. भाविक वाढलेत, लोकांना चेहऱ्याची देवी लागते, शेंदराचा नुसता राडा होतो, असं त्याचं म्हणणं. जयपूरची संगमरवरी मूर्ती ठरली. तांडा उखडला. बाया तर पायऱ्यांवर आडव्या पडायला निघाल्या. तेव्हा भाऊसिंग नायक मध्ये पडला, हरीओमशी बोलणं करून आला आणि तांड्यासमोर त्यानं तोडगा मांडला: जुनी आई तिच्याच जागेवर राहील, तिच्या खाली खड्डा करून तिला बसवायचं आणि नवी मूर्ती वरती. जागा तीच, आई तीच.

सगळ्यांनी गोमतीबाईकडं पाहिलं. तिनं एवढंच म्हटलं, “आईले हात लावाले माह्या घरचा मानूस पाह्यजे. बादलनं बसवावं तिले. दुसऱ्याच्या हातात मी देत नाई.”

बादल तिचा एकुलता एक. मजुरांच्या टोळ्या घेऊन बांधकामं करायचा, आणि देवळाचं कामही त्यालाच मिळालं होतं. गेल्या अक्षय्य तृतीयेला आईला बसवलं. गोमतीबाईनं सकाळी मिटल्या डोळ्यांनी शेवटचा शेंदूर लावला आणि ती बाहेर येऊन पाठ करून उभी राहिली. तिच्यामागं तांडा, गाव, हरीओम, सगळे पाठमोरे. गाभाऱ्यात बादल आणि एक मिस्त्री. पहारीचे आवाज आले, मग बराच वेळ कुजबुज, मग काहीतरी धप्पकन पडलं, आणि बादल ओरडला, “बसली आई!”

नगारा वाजला. गोमतीबाईनं सगळ्यांच्या आधी ओल्या सिमेंटवर डोकं टेकवलं. कपाळाला लागलेलं सिमेंट तिनं दिवसभर पुसलं नाही.

त्या पावसाळ्यात वर संगमरवरी मूर्ती आली. गोरीपान, हसरी, नथ घातलेली. तिला शेंदूर चालत नाही. म्हणून संस्थाननं गोमतीबाईला नवमीची मानाची आरती दिली, आणि आधी डोकं टेकवायचा मान तिचा तिला राहिलाच. शिवाय भाऊसिंगला विश्वस्त करून घेतलं. तांड्याचा माणूस संस्थानच्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला. तांड्यात पेढे वाटले. सगळं झालं, पण गोमतीबाईचा हात रिकामा झाला. मग ती दर मंगळवारी भंडाऱ्याची भांडी घासायला जाऊ लागली. आईच्या दारात हाताला काहीतरी काम असावं, एवढंच तिचं म्हणणं.

भांड्यांची मोरी देवळाच्या मागं, स्वयंपाकाच्या शेडला लागून. तिथं नळाखाली एक दगड आडवा, अर्धा मातीत रुतलेला. त्यावर पातेलं कलतं ठेवलं की घासायला सोपं जायचं. गोमतीबाई त्या दगडावर वर्षभर पातेली टेकवत आली. कधी पाय धुतले, कधी त्यावरच बसून विडा चघळला.

नवमीचा आदला दिवस उजाडला. इतक्या वर्षांत या दिवशी तिचा हात शेंदरात असायचा, यंदा काजळीत होता. यात्रेच्या स्वयंपाकाला भली मोठी पातेली निघाली होती. सतत पाणी सांडून दगडाखालची माती वाहून गेली होती; तिनं पातेलं टेकवलं तसा दगड हलला, पातेलं घसरलं आणि साबणाचं पाणी सपकन तिच्या डोळ्यांत गेलं. डोळे झोंबले. तिनं ते गच्च मिटले आणि आधाराला हात पुढं केला. हात दगडाच्या खालच्या अंगाला पडला आणि अंगठा एका खळग्यात जाऊन बसला.

गोमतीबाई थांबली. नळ तसाच वाहत होता. तिनं डोळे उघडले नाहीत. तळहात सावकाश वर सरकवला. खरबरीत पाठ. आणखी वर. एका अंगाला कलता माथा.

“आई?” ती म्हणाली.

मग तिनं डोळे उघडले आणि खळग्यात नख घालून खरवडलं. नखात केशरी आलं.

पहिल्यांदा तिला आपल्या पायांची लाज वाटली. याच पायांनी, याच दगडावर, वर्षभर. मग राग आला, आणि तो आल्यावर ती उठली. मांडवाला दिव्यांच्या माळा बांधत बादल शिडीवर उभा होता. तिनं त्याला खाली बोलावलं नाही. शिडीच धरून हलवली.

“काय करतं याडी? पडन ना मी!” जन्मदात्या आईला तो याडीच म्हणायचा.

“उतर.”

तो उतरला. तिनं नखातलं केशरी त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. बादल मोरीकडं पाहू लागला, आणि तेवढ्यानंच तिला उत्तर मिळालं.

“त्या दिवशी खड्ड्यात काय टाकलं?” तिनं विचारलं.

“याडी, ऐक. खाली खडक लागला व. खड्डा पुरेसा खोल होतच नवता. मिस्त्री म्हने वरून फोडा लागते, माथा उडवा लागते. मी फोडू देली नाई. खरंच सांगतो, मीच अडवलं त्याले.”

“मंग?”

“मंग पायाचा एक धोंडा टाकला. बाहेर सारे उभे होते. किती वेळ उभं ठेवाचं? आईले गोणपाटात बांधून मांगं ठेवली. म्हटलं, दोन रोजानं पाहू.” त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “मंग ते राह्यलंच. मधात कोन्या मजुरानं मोरीत टाकली. मी पाह्यलं तं होतं, पन उचलली असती तं सारे इचारते ना, काहून उचलून राह्यला म्हनून.”

“मी तिच्यावर भांडे घासून राह्यली होती, बादल. तू येता-जाता पाहत होता.”

त्यानं मान खाली घातली. लहानपणी गूळ चोरताना सापडला की तो असाच उभा राहायचा, आणि तेव्हा तिला त्याची दया यायची. आज आली नाही. आली नाही याचंच तिला वाईट वाटलं.

आता भाऊसिंग. नायक म्हणजे तांड्याचा न्याय. पोटच्या पोरानं गुन्हा केला तरी त्याला पंचायतीत उभं करील असा आपला नवरा, हा तिचा विश्वास होता. ओल्या ओढणीनं ती संस्थानच्या कचेरीत शिरली. भाऊसिंग पंख्याखाली खुर्चीवर बसून यात्रेच्या बंदोबस्ताचं बोलत होता. तिला पाहून बाकीचे उठून गेले. तिनं एका दमात सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, आता हा उठेल, आता खुर्ची लाथेनं उडवील.

भाऊसिंगनं समोरचा चहा संपवला.

“मले ठाऊक हाये,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. पोरगा रडत आला होता माह्याकडं. मीच म्हटलं, चूप राह्य.”

“अन् मले?”

“तुले सांगतलं असतं तं तू डोकं टेकवलं असतं का?” त्यानं कप खाली ठेवला. “तू टेकवलं नसतं तं तांड्यानं टेकवलं नसतं. काम बंद, पोराचं नाव खराब. अन् ही खुर्ची? कधी बसू देलं होतं व आपल्याले यायनं इथं? बापाले माह्या पायरीच्या खाली उभं ठेवत. समजून घे जरासं. यात्रा होऊ दे, मंग पाहू आईचं.”

“म्हनजे माह्या डोक्यावर तुमी खुर्ची ठेवली.”

“आवाज खाली कर. लोकं ऐकतीन.”

लोकांनी ऐकायला नको! गोमतीबाई बाहेर पडली तेव्हा तिला धड रडूही येईना. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारा हात ओळखीचा असतो, म्हणून मान पुढं करायला आपण भीत नाही. वर्षभर ती या माणसाला जेवायला वाढत होती आणि दर मंगळवारी देवळात जाताना सांगत होती, ‘आईजवळून येते.’ तो ‘हो’ म्हणत होता. हे ‘हो’ आठवून तिच्या अंगाची लाही झाली.

पण अजून एक दार उघडं होतं. तांडा. तिच्यामागं पाठ करून उभा राहिलेला, तिच्यासारखाच फसवला गेलेला भोळा तांडा. ज्या बाया पायऱ्यांवर आडव्या पडायला निघाल्या होत्या त्यांना एकदा कळू दे. त्या आईला मोरीतून काढतील, मूर्ती हलवतील, हरीओमला आणि नायकाला जाब विचारतील. उद्या सगळेच येणार होते. ती मोरीवर गेली, दगडावरचं पातेलं बाजूला केलं, आपली ओढणी आईवर घातली आणि घरी गेली. कोणाशी बोलली नाही.

नवमीला बर्डी माणसांनी फुलली. कामरगावकडून जीपा भरभरून आल्या, खाली नारळ आणि रेवड्यांची दुकानं लागली. दुपारच्या आरतीला सभामंडप गच्च. पुढं तांडा, त्यात अगदी पहिल्या ओळीत दुर्गाबाई, गोमतीबाईची जन्माची मैत्रीण. दोघी एकाच फडावर कोयता चालवून म्हाताऱ्या झालेल्या. माईकवरून हरीओमचा आवाज आला, “मानाची आरती, श्रीमती गोमतीबाई भाऊसिंग नायक!”

तिनं थाळी घेतली. मूर्ती हसत होती. तिनं आरती ओवाळली नाही. वळून ती लोकांकडं तोंड करून उभी राहिली, आणि नगाऱ्यावरच्या माणसाचा हात आपोआप थांबला.

“आई इथं नाई,” ती म्हणाली. आवाज फाटला, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. “खाली धोंडा हाये. आपली आई मांगं मोरीत पडेल हाये. वरीसभर मी तिच्यावर भांडे घासले. माह्या पोरानं फसवलं, नायकानं फसवलं. मी टेकवलं म्हनून तुमी टेकवलं, माफ करा मले. चाला आता, तिले घेऊन येऊ.”

ती थांबली. आता एकच कल्लोळ उठेल याची वाट पाहू लागली.

कल्लोळ उठला नाही. मागं उभे असलेले बाहेरगावचे लोक एकमेकांना ‘काय झालं, काय झालं’ विचारत होते, तेवढेच. तांडा गप्प होता. गोमतीबाईनं एकेक चेहरा पाहिला. कोणी दचकलं नव्हतं. कोणाचं तोंड उघडं पडलं नव्हतं. बाया पदर नीट करत होत्या, माणसं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. कोणाच्याही तोंडावर नवल नव्हतं.

तिनं दुर्गाबाईकडं पाहिलं. दुर्गाबाईनं डोळे खाली केले.

तेवढ्यात भाऊसिंग पुढं आला. त्यानं तिच्या हातातली थाळी अलगद काढून घेतली, “उन्हानं डोकं फिरलं जी तिचं,” असं हसून माईकजवळ म्हणाला आणि स्वतः मूर्तीपुढं डोकं टेकवलं. नगारा पुन्हा वाजू लागला. मग पहिली ओळ वाकली, मग दुसरी. गोमतीबाई त्यांच्यामधून वाट काढत बाहेर आली. वाकलेल्या माणसांमधून वाट लवकर मिळते.

ती मोरीवर जाऊन बसली. आईवरची ओढणी कोणीतरी काढून दोरीवर वाळत टाकली होती आणि दगडावर पुन्हा पातेलं होतं. तिनं ते उचलून ठेवलं, इतक्या जोरात की शेडमधला आचारी वाकून बघू लागला. थोड्या वेळानं दुर्गाबाई आली. कपाळाला ताजा गुलाल. ती शेजारी उकिडवी बसली आणि तिनं गोमतीबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“रागावली का व?”

“तुले कधीपासून माईत होतं?”

“मिस्त्रीनंच सांगतलं होतं दारू पिऊन, आषाढात. बायाइनं मोरीत येऊन पाह्यलंबी.”

“पाह्यलं? उघड्या आईले?”

“हो.” दुर्गाबाई चाचरली. “आता तुही-माही पोरं यायच्याच हाताखाली कामाले हायेत. जीर्णोद्धार झाला, रस्ता झाला, नायक खुर्चीवर बसला. कायले मोडाचं? सारेच म्हने, गोमती डोकं टेकवते ना, मंग आपल्यावर पाप नाई. तिचं मन साफ हाये. तिच्या पदरानं आपलंबी निभते.”

“साऱ्याइले माईत होतं.”

“साऱ्याइले. तुले एकटीलेच नवतं. कोनी सांगू नये असं ठरलं होतं.”

“मी इथं भांडे घासत होती तवा तू माह्या बाजूले बसून राख देत होती, दुर्गे.”

दुर्गाबाईनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. आत आरती संपली होती आणि पंगतीची हाक सुरू झाली होती. आचाऱ्यानं शेडमधून आवाज दिला की पहिली पंगत बसते आहे, रिकामी पातेली लवकर घासून द्या. दुर्गाबाई सवयीनं राखेचा डबा घ्यायला उठली.

गोमतीबाईनं गुडघ्यावर राहिलेला तिच्या हाताचा ओला डाग पदरानं पुसला. मग आईच्या कुशीखाली दोन्ही हात घातले आणि तिला उचलायला लागली. दगड जागचा हलला, पण उचलला जाईना. दुर्गाबाई डबा घेऊन उभी होती.

“मी हात लावू का?” तिनं हळूच विचारलं.

“नको,” गोमतीबाई म्हणाली. “तुमी साऱ्यायनं लय हात लावला.”

आणि तिनं पुन्हा जोर लावला.